गणिताच्या तासाला आकाश: सहावी ते आठवीसाठी नेटवरून नक्की काय करून घेता येईल?

लघुकोन
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता प्रश्नच असा आहे की लिहावं लागतंय. मी सातवीला गणित शिकवते. या सत्रात गुणोत्तर-प्रमाण, चलन (सम आणि व्यस्त), शेकडेवारी आणि घातांक हे सगळं खगोलशास्त्राच्या प्रकल्पांतून घ्यावं असं डोक्यात आहे. नेटवर इतकं फुकट सामान पडलंय, संगणकावर आकाश दाखवणारं स्टेलेरियम आहे, नासाची चित्रं आहेत, तयार तक्ते आहेत, वापरायला नको का?

पण अडचण अशी की खगोल प्रकल्प म्हटलं की मुलं थर्माकोलचे गोळे रंगवून आणतात. शनीला सुंदर कडं असतं, पण गुरू आणि पृथ्वी जवळजवळ एकाच मापाचे आणि सगळे ग्रह एकमेकांपासून वीतभर अंतरावर. खाली गुगलवरून उतरवलेले आकडे. यात गणित कुठे झालं? उतरवून काढणं झालं.

तर कोणी खरोखर करून पाहिलंय का? वर्गात एकच संगणक आणि प्रोजेक्टर आहे, प्रिंट काढता येतात. मुलं मिश्र आहेत, काहींना अपूर्णांकाचीच भीती आहे. असे उपक्रम सांगा ज्यात आकाश हे निमित्त असेल आणि गणित टाळताच येणार नाही.

काठावरपास
पहिला! आम्हाला गणिताच्या तासाला दिवसाढवळ्या तारे दिसायचे, त्यासाठी नेट लागलं नाही.

नभांगणी
काठावरपास, हसून हसून पुरेवाट.

लघुकोनताई, छान विषय. माझं पहिलं मत चंद्राच्या फोटोला. नासाच्या व्हिज्युअलायझेशन स्टुडिओचं 'डायल अ मून' नावाचं पान आहे, तारीख आणि तास टाकला की त्या क्षणाचा चंद्र दिसतो. पौर्णिमेचं चित्र घ्या आणि प्रिंट अशी काढा की चंद्राचा व्यास बरोबर १७.४ सेंमी येईल. चंद्राचा खरा व्यास ३४७४ किमी. म्हणजे कागदावरचा १ मिमी म्हणजे चंद्रावरचे २० किमी, मुलांनाच काढू द्या हे प्रमाण. मग पट्टी घेऊन विवरं, म्हणजे चंद्रावरचे गोल खड्डे, मोजायची. कोपर्निकस विवर साडेचार मिमीच्या आसपास भरतं, म्हणजे ९० किमी, खरं माप ९३ किमी आहे.

यात गुगल करून उपयोग नाही कारण मोजायचं हातानेच आहे. कोणाचं ८० येतं, कोणाचं १००. अर्धा मिमी चुकला की १० किमी गेले, हे एकदा कळलं की 'अंदाजे' या शब्दाला वजन येतं. वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं फळ्यावर मांडून सरासरी आणि मध्यक (उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) दोन्ही काढा, एखाद्याने पट्टी उलटी धरून ३०० किमी लिहिलेलंच असतं, मग सरासरी कशी ओढली जाते आणि मध्यक कसा ढिम्म बसतो ते फुकटात शिकवून होतं.

बाकी_शून्य
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मी खाजगी शिकवण्या घेतो, सहावी ते दहावी. माझा अनुभव असा की खगोल आलं की गणित कोपऱ्यात जाऊन बसतं. पोरं कृष्णविवराबद्दल विचारतात, एलियनबद्दल विचारतात, तास संपतो. ज्या मुलाला ३/४ आणि ०.७५ एकच आहे हे अजून पचलेलं नाही त्याच्यापुढे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर ठेवून काय साधणार? त्याच्या डोक्यावर आता दोन ओझी झाली. आधी साध्या आकड्यांवर हात बसू द्या, मग उपयोजन म्हणून आकाश घ्या, बिघडलं काय?

आणि 'मुलांना आवड निर्माण होते' हे मला नेहमी संशयास्पद वाटतं. आवड प्रोजेक्टरची असते.

लघुकोन
नभांगणी, हेच हवं होतं!

बाकी_शून्य, राग कसला, माझीही तीच भीती आहे म्हणून तर धागा काढला. पण मोठे आकडे टाळूनही खगोल घेता येतं ना? वरच्या उपक्रमात सगळ्यात मोठी संख्या ३४७४ आहे.

वर्गमूळ
बाकी_शून्य यांच्याशी अर्धा सहमत. अर्धा अशासाठी की कोटींचे आकडे द्यायची गरजच नाही, खगोलीय एकक त्यासाठीच आहे. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरा. बुध ०.३९, शुक्र ०.७२, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी ९.५८, युरेनस १९.२, नेपच्यून ३०.०७. हे दशांश अपूर्णांक सातवीच्या मुलाला झेपतात.

आणि ज्यांना अपूर्णांकाची भीती आहे त्यांच्यासाठी घडीचा खेळ. मीटरभर कागदाची पट्टी, एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्लूटो (सरासरी ३९.५ एकक). आता पट्टी मधोमध दुमडा: अर्ध्यावर युरेनस. सूर्याकडचा अर्धा पुन्हा दुमडा: पावावर शनी. पुन्हा: १/८ वर गुरू. पुन्हा: १/१६ वर लघुग्रहांचा पट्टा. आणि युरेनस-प्लूटोच्या मधोमध, म्हणजे ३/४ वर, नेपच्यून. मोजपट्टी किंवा कॅल्क्युलेटर काहीही लागत नाही. उरलेले चार ग्रह सूर्याजवळच्या त्या शेवटच्या इवल्याशा घडीत कोंबावे लागतात आणि तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत, कारण चार्टवर सगळे ग्रह सारख्या अंतरावर बघायची सवय असते.

इथे थांबू नका. खरी मजा पुढे आहे, घडी किती चुकते ते काढायला लावा. ३९.५ चे ३/४ म्हणजे २९.६, खरा आकडा ३०.०७, चूक दीड टक्का. गुरूला ४.९४ विरुद्ध ५.२, चूक पाच टक्के. मंगळासाठी अजून एक घडी घालून १/३२ केलं तर १.२३ येतं, खरं १.५२, एकोणीस टक्के चूक! मग प्रश्न विचारा: किती टक्क्यांपर्यंत चूक चालवून घ्यायची? कशासाठी मोजतोय त्यावर ते ठरतं, हे मुलांच्याच तोंडून येतं. शेकडेवारीचा एवढा चांगला प्रश्न मला पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

सहज_आलो
वाचनखूण साठवली. घरी पोरीबरोबर आजच करतो.

काठावरपास
प्लूटोला ग्रहपदावरून काढला ना २००६ साली? मग पट्टीच्या टोकाला का उभा केलाय बिचाऱ्याला?

वर्गमूळ
पट्टी धरायला कोणीतरी लागतं :)

दोनपोरांचीआई
मी शिक्षिका नाही, पालक. माझा मुलगा यात रमेल, ग्रह-तारे म्हटलं की जेवण विसरतो. पण मुलगी अजिबात नाही. तिला आकाशाचं काही पडलेलं नाही, तिला कोडी आवडतात. मोठे लोक गृहीत धरतात की सगळी मुलं ताऱ्यांकडे बघून हरखतात, तसं नसतं हो. पूर्ण सत्र आकाशावरच घातलं तर अशा मुलांचं काय? एखादा दुसरा विषय पण ठेवा.

अजून एक, 'ऑनलाइन' म्हणताना घरचा अभ्यास ऑनलाइन देऊ नका प्लीज. चंद्राचा फोटो शोधायला फोन घेतात आणि तासाभराने रील बघत सापडतात.

पाटीपेन्सिल
दोनपोरांचीआई यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी निवृत्त गणित शिक्षक. आमच्या वेळी नेट नव्हतं, काठीची सावली होती. आजही मी तिच्यापासूनच सुरुवात करीन. मैदानात काठी रोवायची, दर वीस मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण, सगळ्यात आखूड सावली कधी पडली ते बघायचं. घड्याळात बाराच वाजलेले असतील असं मुलं पैजेवर सांगतात आणि हरतात.

नेटचा उपयोग पुढे करा. इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाने दोन गावांतल्या सूर्याच्या कोनातला फरक ७.२ अंश धरला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास म्हणजे पृथ्वीचा परीघ. बावीसशे वर्षांपूर्वी! आज दूरच्या एखाद्या शाळेशी व्हिडिओ कॉल करून हाच प्रयोग जोडीने करता येतो. काठीची उंची आणि सावली प्रमाणात कागदावर काढायची, कोनमापकाने कोन मोजायचा, त्रिकोणमिती लागत नाही. समजा कोनांत ५ अंश फरक आला आणि शाळांमधलं अंतर ५५५ किमी असेल, तर ३६० भागिले ५ म्हणजे ७२, आणि ५५५ गुणिले ७२ म्हणजे ३९,९६० किमी. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ किमी आहे. सरळ त्रैराशिक.

नभांगणी
पाटीपेन्सिल काका, मस्त. एक छोटी भर: अंतर नकाशावरचं सरळ अंतर घ्यायचं नाही, फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्यायचं. दुसरी शाळा ईशान्येला असेल तर सरळ अंतर जास्त येतं आणि पृथ्वी फुगते. दोन्ही शाळांनी आपापल्या मध्यान्हीला मोजलं की रेखांश वेगळे असले तरी चालतं, दिवस मात्र एकच हवा.

पाटीपेन्सिल
अगदी बरोबर, तेवढं लिहायचं राहिलं. आणि मुलांना ती फुगलेली पृथ्वी आधी काढू द्या. "आपलं उत्तर मोठं का आलं" यावर जी चर्चा होते तीच शिकवणी.

बाकी_शून्य
काठी आणि कागदाची घडी मान्य, मनापासून. पण बघा, यात ऑनलाइन काय उरलं? धाग्याचा मूळ प्रश्न नेटच्या साधनांबद्दल होता आणि सगळ्यात चांगले दोन उपक्रम नेटशिवायचे निघाले. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

तिरपीरेघ
नाही हो, थांबा. नेटशिवाय अजिबात होणार नाही असा एक सांगते, आमच्या आठवीत तो सगळ्यात जास्त चाललाय. सौर डाग, म्हणजे सूर्यावर दिसणारे काळसर डाग.

नासाची एसडीओ नावाची वेधशाळा २०१० पासून अवकाशातून सूर्याचे सतत फोटो काढतेय आणि जुने फोटो तारखेनुसार सगळ्यांना खुले आहेत. हेलिओव्ह्यूअर नावाच्या साईटवर तारीख टाकून बघता येतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये एक अवाढव्य डाग सूर्याच्या तोंडावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला होता, ते दिवस घ्या, शोधत बसायला लागत नाही. रोज एकाच वेळचा एक असे आठ-दहा फोटो एकाच मापात छापायचे.

मुलं पट्टीने डाग मध्यापासून किती सरकला ते मोजतात. सूर्याची त्रिज्या १० सेंमी ठेवली तर मधोमध असताना डाग दिवसाला सव्वादोन सेंमी सरकतो, कडेजवळ गेला की सेंमीभरसुद्धा नाही. मुलं म्हणतात, बाई, डाग दमला. :) मग एकमेकांत भांडतात की सूर्य हळू फिरायला लागला की काय. कोणीतरी चेंडूवर ठिपका काढून फिरवून दाखवतं आणि उलगडतं की चेंडू त्याच वेगाने फिरतोय, आपण तो कडेने तिरपा बघतोय.

आता त्रिकोणमितीतली साइन शिकवलेली नाही, मग काय करायचं? फोटोच्या खाली त्याच त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा, म्हणजे सूर्य वरून कापून बघितल्यासारखा. डागाच्या जागेवरून सरळ खाली लंब टाका, तो अर्धवर्तुळाला जिथे भेटेल तो बिंदू केंद्राला जोडा आणि कोनमापकाने कोन मोजा. सरकणारे सेंटिमीटर वेगवेगळे होते पण कोन? दर दिवशी साधारण १३ अंश! कडेला पण १३, मध्यावर पण १३. ३६० भागिले १३ केलं की साडेसत्तावीस दिवसांच्या आसपास येतं, पृथ्वीवरून सूर्याच्या परिवलनाचा (स्वतःभोवती फिरण्याचा) काळ तेवढाच दिसतो. (आपण स्वतः त्याच दिशेने सूर्याभोवती फिरतोय म्हणून तो जास्त दिसतो, विषुववृत्तावर खरा पंचवीसच्या आसपास आहे, हा भाग हुशार मुलांना वेगळा द्या.)

लंब, त्रिज्या, कोनमापन, भागाकार, सरासरी, आलेख, सगळं एका कागदावर. आणि सूर्याकडे थेट बघायचा धोका नाही. हे बाकी_शून्य यांनी करून बघावंच अशी माझी नम्र मागणी.

काठावरपास
'डाग दमला' हे आमच्या घरी आता वाक्प्रचार म्हणून वापरलं जाईल.

वर्गमूळ
तिरपीरेघ, सलाम. तो अर्धवर्तुळाचा भाग ताबडतोब उचलतोय.

याच तिरपेपणाचं भावंड चंद्राच्या फोटोतही आहे. वरच्या बाजूला प्लेटो नावाचं काळसर विवर शोधा. मोजलं तर रुंदी ५ मिमी आणि उंची ३ मिमी, म्हणजे १०० किमी बाय ६० किमी, लांबट वाटतं. प्रत्यक्षात ते जवळजवळ गोल आहे, कडेकडे असल्याने चेपलेलं दिसतं. म्हणजे कुठलं माप खरं धरायचं? मुलांना दोन मिनिटं गप्प बसून विचार करायला लावणारा प्रश्न.

सहज_आलो
पट्टी केली. पोरीने प्रत्येक ग्रहावर किराणा-यादीसारखं काहीबाही लिहिलंय पण घड्या बरोबर आहेत. तिचा प्रश्न: शनीला चंद्र किती? तिच्या पुस्तकात एक आकडा, नेटवर दोन वेगळे. खरा कुठला?

नभांगणी
सहज_आलो, मार्च २०२५ मध्ये एका दमात १२८ नवे चंद्र जाहीर झाले आणि एकूण २७४ झाले. जुनं छापलेलं पुस्तक मागे पडणारच. मी तर म्हणेन तिला सालवार तक्ता करायला लावा, कुठल्या साली किती माहीत होते. स्तंभालेखाला याहून गमतीशीर माहिती कुठली मिळणार?

काठावरपास
आणि परीक्षेत काय लिहायचं? 'उत्तरपत्रिका तपासेपर्यंत बदलू शकतो'?

बाकी_शून्य
तिरपीरेघ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हा उपक्रम चांगला आहे, यात गणित खरंच मध्यावर आहे. माझा आक्षेप थोडा बदलून मांडतो: तुमची आठवी आहे, कोन आणि लंब येणारी मुलं आहेत. तुम्ही त्यांना आधी शिकवलेलं वापरायला दिलंत. म्हणजे क्रम मी म्हणतो तोच राहिला, आधी साधन मग आकाश. लघुकोनताई 'खगोलातून शिकवायचं' म्हणतायत, ते वेगळं.

तिरपीरेघ
कोन मोजता येत होता, पण का मोजायचा ते माहीत नव्हतं. मला त्यात फरक वाटतो. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही आणि गरजही नाही.

लघुकोन
मला वाटतं दोघांचं म्हणणं विषयानुसार खरं ठरेल. अपूर्णांकाला घडी आधी चालेल, शिकवायलाच चालेल. सौर डागाला मात्र आधी कोनमापकावर हात बसलेला हवा.

चलनासाठी काही आहे का कोणाकडे? विशेषतः व्यस्तचलन, म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं ते. 'चार मजूर सहा दिवसांत' याचा मला आणि मुलांना सारखाच कंटाळा आलाय.

नभांगणी
आहे की! त्याच डायल अ मूनवर. चित्राबरोबर चंद्राचं अंतर किलोमीटरमध्ये आणि कोनीय व्यास (आकाशात तो किती कोनाएवढा दिसतो ते) विकलांमध्ये दिलेला असतो, एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एका महिन्यातले पाच-सहा दिवस घ्या आणि तक्ता करा. अंतर ३,६३,३०० असेल तेव्हा व्यास १९७३ विकलांच्या आसपास, ३,८४,४०० ला १८६४, ४,०५,५०० ला १७६७. अंतर वाढतं तसा व्यास घटतो हे दिसतंच, पण खरी कसोटी गुणाकाराची. तिन्ही जोड्या गुणून बघा, दर वेळी साधारण ७१ कोटी ६७ लाख. गुणाकार स्थिर, म्हणजे व्यस्तचलन. हा आकडा कोणी 'रचलेला' नाही, मजुरांच्या गणितात तो रचलेला असतो आणि मुलांना ते कळतं.

मग 'सुपरमून'च्या, म्हणजे चंद्र जवळ असतानाच्या पौर्णिमेच्या, बातम्या आल्या की किती टक्के मोठा ते त्यांनाच काढू द्या.

दोनपोरांचीआई
हे माझ्या मुलीला आवडेल, आकाश न बघता येतंय :)

पाटीपेन्सिल
ऋण संख्यांसाठी बुधाचं तापमान. दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत, रात्री उणे १८०. फरक किती? अर्धा वर्ग २५० म्हणतो. मग संख्यारेषा काढायची आणि शून्यावरून चालत जायचं, ६१०. 'उणे वजा केलं की अधिक का होतं' याचं उत्तर नियम म्हणून दिलं जायचं, तेच मी आयुष्यभर ऐकत आलो, इथे ते पायाखाली येतं.

दशांशासाठी लीप वर्ष घ्या. वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. ०.२४२२ गुणिले ४ म्हणजे ०.९६८८, एक दिवस नाही, जरा कमी. म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस दिला की जास्त होतो. ०.२४२२ गुणिले ४०० म्हणजे ९६.८८, जवळपास ९७. म्हणून चारशे वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं: १७००, १८००, १९०० नाहीत, २००० आहे. हे गणित न जमल्याने साठत गेलेले दहा दिवस १५८२ साली कॅलेंडरमधून सरळ उडवावे लागले, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. चौथ्या दशांश स्थळाला किंमत असते हे मुलांना पटवायला मला दुसरं उदाहरण लागलं नाही.

काठावरपास
म्हणजे ज्यांचा वाढदिवस ७ ऑक्टोबरला होता त्यांचं त्या वर्षी...?

पाटीपेन्सिल
बाळा, हाच प्रश्न दरवर्षी शेवटच्या बाकावरून यायचा.

वर्गमूळ
एककांसाठी मंगळावर पाठवलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगाच. १९९९ साली ते यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून वापरले. उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्यांसाठी मी ती बातमी फळ्याशेजारी लावून ठेवलीय.

घातांकासाठी नासाचं व्हॉयेजर १ यान. १९७७ मध्ये सुटलं, सेकंदाला साधारण १७ किमी वेग. सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षं, एक प्रकाशवर्ष ९.४६ गुणिले १० चा १२ वा घात किमी. ते यान त्या दिशेने जात नाही, पण गेलं असतं तर किती वर्षं लागली असती? सुमारे ७५ हजार. मुलं उत्तर बघून पुन्हा करतात, वाटतं शून्यं चुकली.

दोनपोरांचीआई
सगळं छान पण एक विचारू? इतके उपक्रम एका सत्रात? अभ्यासक्रम कधी संपवणार?

बाकी_शून्य
+१. शेवटी कोणीतरी विचारलं.

लघुकोन
विचार करत होते. सगळं नाही करणार. तीनच घेते. गुणोत्तरासाठी चंद्राचा फोटो, शेकडेवारीसाठी वर्गमूळ यांची पट्टी चुकीच्या टक्क्यांसकट, आणि चलनासाठी चंद्राच्या अंतराचा तक्ता. सौर डाग आठवीच्या बाईंना देते, त्या खूश होतील. दोनपोरांचीआई, बाकीचे धडे नेहमीसारखेच, आणि नेटवरचं जे काय ते वर्गात मी दाखवणार, घरी फोन लागणार नाही.

बाकी_शून्य, तुमच्यासाठी एक: चंद्राच्या फोटोआधी एक तास साध्या नकाशावर प्रमाण मोजायला देणार आहे. क्रम तुमचा.

बाकी_शून्य
हे बरं झालं. चाचणीत नेहमीचीच गणितं द्या मात्र, आकाशातली नको, म्हणजे कळेल की शिकलेलं इकडे उतरलं का. निकाल काय येतो ते इथे लिहा, वाईट आला तरी.

लघुकोन
नक्की लिहीन. फोटोची प्रिंट आज काढून बघितली तर व्यास १६.१ सेंमी आला, १७.४ कसा आणायचा?

तिरपीरेघ
प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'पानात बसवा' चालू असेल, ते बंद करून प्रमाण १०० टक्के ठेवा. तरी नाही जमलं तर १६.१ वरच राहू द्या आणि १ मिमी म्हणजे किती किमी ते मुलांना काढायला सांगा, ३४७४ भागिले १६१, साडेएकवीसच्या आसपास येईल. २० पेक्षा तेच बरं, तोंडी होत नाही.

काठावरपास
मुलांच्या वतीने निषेध.